‘स्मृतिचित्रे’ : ईश्वरी तरतुदीवरील विश्वास आणि कुरकुरीचा स्वर

प्रास्ताविक

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’चे मराठी आत्मचरित्रवाङ्मयातील स्थान निर्विवाद आहे. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची चर्चा बहुधा त्यातील विनोद, प्रांजळपणा आणि बोलभाषेचा गोडवा या अंगांनी होत आली आहे. प्रस्तुत लेखात मात्र एका वेगळ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. परमेश्वर आपल्या गरजा पुरवितो, म्हणून माणसाने कुरकुर करू नये, ही ख्रिस्ती धर्मातील एक मध्यवर्ती शिकवण होय. ही शिकवण अक्षरशः जगणाऱ्या पुरुषाचा संसार जिला चालवावा लागला, त्या स्त्रीच्या लेखणीतून तिचे कोणते रूप प्रकट होते?

कुरकुर आणि गाऱ्हाणे

बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात मिसरच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक अरण्यात उपाशी पडतात आणि मिसरमधील मांसाच्या हंड्यांची आठवण काढून कुरकुर करतात. त्यांना मान्ना मिळतो, पण रोजच्यापुरताच. सकाळपर्यंत साठवून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडतात. विश्वास हा दररोज नव्याने ठेवावयाचा असतो, असा या कथेचा आशय आहे. ‘गणना’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात मात्र स्वतः मोशेच देवाजवळ तक्रार करतो : एवढ्या लोकांचा भार मला एकट्याला पेलवत नाही. त्याची निर्भर्त्सना होत नाही. भार वाटून घेण्यासाठी सत्तर वडीलजनांची योजना होते. म्हणजे, मागे फिरू पाहणारी कुरकुर आणि ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याचपुढे मांडलेले गाऱ्हाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. लक्ष्मीबाईंच्या स्वराचे स्वरूप ठरविताना हा भेद उपयुक्त ठरतो.

टिळकांचा विश्वास

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या मतपरिवर्तनात डोंगरावरील प्रवचनाच्या वाचनाचा वाटा मोठा होता. आकाशातील पाखरे आणि रानातील फुले यांच्याकडे बोट दाखवून उद्याची चिंता करू नका, असे सांगणारा प्रसिद्ध भाग याच प्रवचनात येतो. मराठी काव्यात ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टिळकांनी तो केवळ वाचला नाही, तर आचरणात आणला. हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणे, संसाराचा हिशेब न ठेवणे, आल्यागेल्याला घर मोकळे ठेवणे हा त्यांचा स्वभावधर्म होता. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन करण्याचा त्यांचा निर्णय हे याच वृत्तीचे अंतिम टोक होय.

तुकोबांचा पूल

आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तचरणी आलो, असे टिळक सांगत. या उक्तीचा अर्थ आपल्या परिसरातील वाचकाला विशेष जवळून कळावा. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथील चैतन्यांची समाधी ही तुकोबांच्या गुरूची, बाबाजींची समाधी होय, असे परंपरा मानते. इ. स. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ सोसून विठ्ठलावर भार टाकणारा हा संत टिळकांना आदर्शवत् वाटावा, हे स्वाभाविकच आहे.

परंतु या पुलावरून केवळ विश्वासाचीच परंपरा आली नाही. विरक्त पती आणि करवादणारी पत्नी ही जोडीही तिच्याबरोबर आली. तुकोबांची पत्नी जिजाई, म्हणजेच लोकमानसातील आवली, आपणास भेटते ती तुकोबांच्या अभंगांतून, महीपतींच्या संतचरित्रांतून आणि कीर्तनकारांच्या मुखातून. चूल पेटविण्याची जबाबदारी जिच्यावर होती, तिची स्वतःची ओळ आपल्यापाशी नाही. ‘स्मृतिचित्रे’चे वेगळेपण नेमके येथे आहे. या परंपरेतील ‘कुरकुर करणारी बायको’ येथे प्रथमच स्वतः लेखिका होते.

लक्ष्मीबाईंचा स्वर

१८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंना काही वर्षे आप्तांच्या आधाराने काढावी लागली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अविश्वासामुळे कुरकुर आणि विश्वासाने समाधान, असा सरळ हिशेब मांडावयाचा तर त्यांचा तक्रारीचा स्वर येथे थांबावयास हवा होता. तो थांबत नाही. पतीच्या अव्यवहारीपणाविषयीची चीड, अचानक वाढलेल्या पानांची काळजी, पुढच्या दिवसाची विवंचना पुढेही येत राहते. यावरून त्यांची तक्रार ही अश्रद्धेची खूण नव्हे, असे म्हणावे लागते. त्यांना मिसरला परतावयाचे नाही. भार वाटून घ्या, एवढेच त्यांचे मागणे आहे.

निवेदनातील दोन काळांचा विचारही येथे अगत्याचा आहे. प्रसंग भोगणारी लक्ष्मीबाई चिडते. टिळकांच्या निधनानंतर अनेक वर्षांनी तो सांगणारी लक्ष्मीबाई त्याकडे हसून पाहते. आपण तरलो, ही जाणीव या हास्यामागे आहे. ईश्वरी तरतूद येथे उपदेश म्हणून येत नाही, मागे वळून पाहताना लक्षात येते. विनोदामुळे ग्रंथ रुचकर होतो हे खरेच, पण तेवढ्यावर थांबणारी समीक्षा या विनोदाखालची उपासमारीची भीती नजरेआड करते.

पंडिता रमाबाईंशी तुलना

पुणे जिल्ह्यातीलच केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) हाच विश्वास निराळ्या रीतीने जगून दाखविला. केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथाश्रम चालविणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांच्या वृत्तांताचा त्यांच्यावर प्रभाव होता. तथापि मुक्तिसदनात प्रार्थनेबरोबर विहिरी होत्या, शेती होती, छापखाना होता. रमाबाईंच्या ठायी विश्वास ठेवणारी आणि व्यवस्था पाहणारी व्यक्ती एकच होती. टिळकांच्या घरी ही दोन कामे दोघांत विभागली गेली, आणि त्यातील ओझ्याचा भाग पत्नीच्या वाट्यास आला.

निष्कर्ष

‘कुरकुर करू नका’ हा उपदेश कोण कोणाला करतो, यावर त्याचे मोल ठरते. स्वतःपुरता स्वीकारला तर तो साधना होतो, तर दुसऱ्याच्या रिकाम्या डब्याकडे पाहून सांगितला तर ती त्याची गळचेपी ठरते. ‘स्मृतिचित्रे’ टिळकांच्या विश्वासाची थोरवी मान्य करते आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचाही हिशेब ठेवते. पतीच्या पश्चात त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. जिने गाऱ्हाणे मांडले, तिनेच ते काम शेवटास नेले. विद्यार्थ्यांसमोर हा ग्रंथ मांडताना त्यातील हास्याबरोबर हे गाऱ्हाणेही ऐकू येईल, अशी दक्षता अध्यापकांनी घ्यावयास हवी.