डिस्कचा आराखडा : लिहिलेला आणि असलेला

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव ज्योतिर्लिंगासाठी सर्वांना ठाऊक आहे. आता ते लायगो-इंडियासाठीही ओळखले जाऊ लागले आहे. ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या या गुरुत्वीय तरंग वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथे अशा दोन वेधशाळा आहेत. तोच आराखडा घेऊन औंढ्याला तिसरी उभी करायची आहे. तेव्हा प्रश्न असा येतो की, आराखडा एक असला तरी जागा बदलल्यावर काय काय तेच राहते आणि काय नव्याने मोजावे लागते?

हाच प्रश्न शाळेच्या संगणक-खोलीतही पडतो. दहा संगणकांवर लिनक्स बसवायचे आहे असे समजा. प्रत्येकाच्या हार्ड डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडायचे. त्यांवर फाइलप्रणाली घालायची आणि यंत्र सुरू होताना प्रणाली कोठून उचलावी, म्हणजेच बूट कसे व्हावे, हे ठरवायचे. हे दोन प्रकारे करता येते. एक, आज्ञा ओळीने देत जाणे. दुसरा, शेवटी डिस्क कशी दिसली पाहिजे एवढेच एका फाइलीत लिहिणे आणि पायऱ्यांचे काम प्रोग्रॅमवर सोपवणे. भूमितीच्या तासाला ‘कंपास असा फिरवा’ असे सांगणे वेगळे आणि त्रिकोणाच्या तीन बाजू सांगणे वेगळे. तसाच हा फरक आहे. दुसऱ्या प्रकाराला घोषणात्मक पद्धत म्हणतात.

रेड हॅटच्या ‘किकस्टार्ट’ फाइलीत या पद्धतीची बरीच छटा पूर्वीपासून होती. ‘निक्सओएस’ या लिनक्स प्रणालीसाठी तयार झालेल्या ‘डिस्को’ या साधनाने ती पुष्कळ पुढे नेली. निक्समागील विचार एल्को डॉल्स्ट्रा यांनी उट्रेख्त विद्यापीठातील २००६ च्या प्रबंधात मांडला होता.

डिस्कोचा मोठा गुण आधी सांगितला पाहिजे. पूर्वी पार्टिशन एका जागी पाडायचे आणि कोणते पार्टिशन कोठे जोडायचे ही यादी दुसऱ्या जागी लिहायची. दोहोंत तफावत पडली की यंत्र अडून बसे. डिस्कोमध्ये एकाच वर्णनातून पार्टिशनही पडते आणि जोडणीची यादीही निघते. शिवाय फाइल वाचून काय केले आहे ते दुसऱ्याला कळते. प्रयोगवहीचे महत्त्व जाणणाऱ्या शिक्षकाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र वर्णन आणि वस्तुस्थिती यांच्यातील अंतर या फाइलीत दिसत नाही. जिल्ह्यातील एका शाळेत आम्हाला ते महागात शिकावे लागले. फाइलीत आम्ही डिस्कचे नाव ‘एसडीए’ असे लिहिले होते. हे नाव डिस्क कोणत्या क्रमाने सापडली यावर अवलंबून असते. नऊ यंत्रांवर काम बिनबोभाट झाले. दहाव्या यंत्रात दोन डिस्क होत्या आणि ‘एसडीए’ हे नाव निकालपत्रके असलेल्या जुन्या डिस्कला मिळाले. पुसण्यापूर्वी येणारा खात्रीचा प्रश्नही आम्ही वेळ वाचवण्यासाठी बंद ठेवला होता. फाइलीत एकही चूक नव्हती आणि डिस्क पुसली गेली. वर्गशिक्षिका बाईंनी हाताने लिहिलेली पत्रके जपून ठेवली होती, म्हणून मुलांचे गुण पुन्हा भरता आले.

दोष आमचाच होता, पण त्यातून पद्धतीची मर्यादा स्पष्ट होते. कंपनीचे नाव व अनुक्रमांक यांवरून बनलेले डिस्कचे नाव लिहिले असते तर घोटाळा टळला असता. पण ते नाव प्रत्येक यंत्रात निराळे असते, म्हणजे एकच फाइल दहा जागी चालणार नाही. सर्वांना लागू पडणारे नाव भरवशाचे नसते आणि भरवशाचे नाव सर्वांना लागू पडत नाही.

दुसरी मर्यादा बूटची. नव्या यंत्रांतील यूईएफआय ही व्यवस्था बूटच्या नोंदी मदरबोर्डवरील स्मृतीत ठेवते. डिस्कच्या वर्णनात त्या नसतात. म्हणून एका यंत्रातील डिस्क काढून दुसऱ्यात बसवली, तर वर्णन जसेच्या तसे असूनही यंत्र सुरू होईलच असे नाही. तिसरी मर्यादा काळाची. फाइलीतला आकडा बदलला म्हणून भरलेल्या पार्टिशनचा आकार आपोआप बदलत नाही. प्रोग्रॅम पुन्हा बसवता येतो. साठलेली माहिती वर्णनातून पुन्हा निर्माण होत नाही.

मग ही पद्धत टाकून द्यावी काय? आमचे मत तसे नाही. समान भाग एका फाइलीत ठेवावा आणि डिस्कचे नाव प्रत्येक यंत्रापाशी, अनुक्रमांक डोळ्यांनी वाचून द्यावे. ‘डिस्को-इन्स्टॉल’मध्ये ते चालवताना देण्याची सोय आहे. खात्रीचा प्रश्न कधीही बंद करू नये आणि त्यापूर्वी माहितीची प्रत दुसरीकडे काढलेली असावी.

औंढ्यालाही याहून वेगळे काय होणार आहे? उपकरणांचा आराखडा सामाईक, पण जमिनीची कंपने आणि भुजांच्या दिशा तेथेच जाऊन मोजाव्या लागणार. विद्यार्थ्यांकडून हे करून घ्यायचे असेल तर आभासी यंत्रात एक कोरी डिस्क द्यावी. आधी तिचा आराखडा वहीत लिहून घ्यावा, मग प्रोग्रॅम चालवावा आणि डिस्कवर प्रत्यक्ष काय आहे ते शेजारी लिहायला सांगावे. दोन्ही स्तंभ जुळले नाहीत तर उत्तम. त्या दिवशीचा तास खऱ्या अर्थाने विज्ञानाचा होईल.