टीम रिपोर्ट वाचा, पण आधी वही मागा

मागच्या महिन्यात गाइड मॅडमनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. "जानेवारीत आवाज वाढले म्हणतेस. कशामुळे वाढले?"

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी तानसा अभयारण्याच्या कडेला एका गावात राहून रानपिंगळ्याच्या आवाजांवर काम करते. झाडांना रेकॉर्डर बांधायचे, आठवड्याने कार्ड काढायचं, आवाज मोजायचे. डिसेंबरात आवाज फारच कमी मिळाले. मी घाबरले आणि एकाच दिवशी तीन गोष्टी बदलून टाकल्या: रेकॉर्डरची जागा, झाडावरची उंची आणि रेकॉर्डिंगची वेळ. जानेवारीत आवाज भरपूर आले. मी खूश. मग मॅडमनी तो प्रश्न विचारला. जागेमुळे? उंचीमुळे? वेळेमुळे? की जानेवारीत पक्षी तसाही जास्त ओरडत होता? मला माहीत नाही, आणि आता ते कधीच कळणार नाही. एक हंगाम गेला.

लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढे आहे. त्याच महिन्यात रोज रात्री, गावात जेवढी रेंज मिळते तेवढ्यावर, मी पोकेमॉन शोडाउनवर टीम बांधत होते. ती टीमही मी अशीच बदलत होते. आणि वर तिचा एक 'टीम रिपोर्ट' पण लिहिला होता, मित्रांनी वाखाणला असा. म्हणून आजची पोस्ट या टीम रिपोर्ट नावाच्या लेखनप्रकारावर आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल, तर हा प्रकार वाचाच असं मी सांगणार आहे. आणि त्यावर लगेच विश्वास ठेवू नका, असंही सांगणार आहे.

ज्यांनी फक्त कार्टून पाहिलंय त्यांच्यासाठी

पिकाचू माहीत आहे ना? तेवढं पुरे. पोकेमॉनच्या अधिकृत व्हीजीसी स्पर्धेत एका वेळी दोन विरुद्ध दोन अशी लढत होते. तुम्ही सहा पोकेमॉन घेऊन येता, समोरच्याचे सहा बघता आणि त्या डावात आपले चारच उतरवता. सगळे ५० लेव्हलला. एकाच जातीचे दोन चालत नाहीत, एकच वस्तू दोघांच्या हातात देता येत नाही. प्रत्येकाला चार चाली. शिवाय प्रत्येकाला ५१० जादा गुण, ज्यांना खेळाडू ईव्ही म्हणतात, ते वेग, बचाव, हल्ला वगैरे सहा बाबतींत वाटायचे. एका बाबतीत जास्तीत जास्त २५२.

आता हिशोब करा. समजा नियमात ४०० पोकेमॉन चालतात. त्यातून सहा निवडायचे प्रकार होतात सुमारे साडेपाच लाख कोटी. चाली, वस्तू, ईव्ही यात धरलेलेच नाहीत. सगळं तपासून टीम बांधणं शक्यच नाही. म्हणून खेळाडू काय करतो? एक अंदाज बांधतो, खेळतो, हरतो, थोडं बदलतो, परत खेळतो. ओळखीचं वाटतंय ना? आपण ज्याला संशोधन म्हणतो ते हेच आहे, फक्त इथे फेलोशिप मिळत नाही.

ही सगळी वाटचाल खेळाडू शेवटी लिहून काढतो. टीम कशी सुचली, कोण का घेतला, कोण का काढला, कुणासमोर टीम कमी पडते. हा झाला टीम रिपोर्ट.

चांगला रिपोर्ट काय करतो

एक लहान उदाहरण घेऊ. गार्चॉम्पला वेगात पूर्ण २५२ ईव्ही आणि वेग वाढवणारा स्वभाव दिला तर ५० लेव्हलला त्याचा वेग होतो १६९. तसंच सगळं दिलेल्या सॅलमेन्सचा होतो १६७. साधारण खेळाडू २५२ टाकून मोकळा होतो. चांगला रिपोर्ट लिहिणारा म्हणतो: मला सॅलमेन्सच्या पुढे राहायचंय, त्याला १६८ पुरतात, १६८ साठी २४४ ईव्ही लागतात, उरलेले ८ मी बचावात टाकले. आणि पुढचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं: याची किंमत अशी की पूर्ण वेगाचा गार्चॉम्प समोर आला तर तो नक्की माझ्या आधी मारणार.

बघा, यात निर्णय आहे, कुणाविरुद्ध घेतला त्याचं नाव आहे, आकडा आहे आणि काय गमावलं तेही आहे. आता तुमच्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य काढा. "सोयीस्कर नमुना निवड पद्धतीने १०० उत्तरदात्यांची निवड केली." का १००? कुठल्या चुकीपासून वाचण्यासाठी? सोयीची किंमत काय मोजली? बहुतेक प्रबंधांत याचं उत्तर नसतं. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात व्याख्या असतात, निर्णय नसतात. ८ ईव्हींचा हिशोब देणारा पोरगा इथे आपल्याला शिकवून जातो.

दुसरं उदाहरण मोठं आहे. २०१४ ची जागतिक स्पर्धा वॉशिंग्टनला झाली आणि कोरियाचा सेजुन पार्क जिंकला. त्याच्या टीममध्ये गॅराडोस, गार्चॉम्प, टॅलनफ्लेम, गार्डेवॉयर, गॉथिटेल अशी दमदार मंडळी होती आणि सहावा होता पाचिरिसू, म्हणजे एक विजेची खार. सगळे मूळ गुण मिळून ४०५. सगळ्यांना वाटलं, हा काय वेडेपणा. पण प्रश्न "पाचिरिसू किती बलवान" असा विचारायचाच नव्हता. गॅराडोस पाण्यातला आणि उडणारा, त्याला विजेचा मार चौपट बसतो. टॅलनफ्लेमलाही दुप्पट. पाचिरिसूकडे 'फॉलो मी' ही चाल आहे, तिच्यामुळे समोरच्यांनी एकावर नेम धरून केलेले हल्ले त्याच्याकडे वळतात. आणि त्याच्या अंगच्या गुणामुळे विजेच्या हल्ल्याने तो मरत तर नाहीच, उलट त्याचा एचपी भरून येतो. म्हणजे साथीदाराची जी सगळ्यात दुखरी जागा, तिथे हा उभा. शिवाय 'सुपर फँग' ही चाल समोरच्याचा उरलेला एचपी निम्मा करते, त्यासाठी स्वतःची ताकद लागतच नाही.

हे वाचलं की डोक्यात प्रकाश पडतो. वस्तूची किंमत एकटीची नसते, ती कुठल्या जागी आहे यावर असते. साहित्याचा आढावा लिहिताना हे आठवा. गाजलेला संदर्भ हवाच असं नाही, तुमच्या मांडणीची उघडी बाजू झाकणारा संदर्भ हवा.

आता तक्रार

एवढं कौतुक केलं, आता जिथे हा प्रकार फसवतो तिथे येऊ.

पहिली गोष्ट, रिपोर्ट लिहितो कोण? जिंकलेला. पाचिरिसूसारखे अनपेक्षित पोकेमॉन घेऊन पहिल्या दिवशी बाहेर पडलेले खेळाडू रिपोर्ट लिहायला बसत नाहीत. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं, धाडस केलं की फळ मिळतं. ज्यांना फळ मिळालं नाही त्यांचा हिशोब आपल्यासमोर येतच नाही. आपल्याकडेही नकारात्मक निष्कर्षाचे पेपर किती छापून येतात ते तुम्हीच आठवा.

दुसरी गोष्ट, आकडे. "हा बदल केला आणि पुढच्या दहापैकी सात डाव जिंकलो." वाक्य वाचायला छान आहे. पण नाणं उडवून दहा डाव ठरवले तरी सात किंवा जास्त जिंकण्याची शक्यता १७ टक्के असते. म्हणजे काहीच न बदलता सहापैकी साधारण एकाला हा 'शोध' लागणार. त्यात खेळात नशीब भरलेलंच आहे: प्रत्येक हल्ल्याचा मार ८५ ते १०० टक्के या १६ पायऱ्यांपैकी कुठल्याही एका पायरीवर पडतो. एखादा फटका १६ पैकी १३ वेळा समोरच्याला पाडत असेल, तर उरलेल्या तीन वेळा तुम्ही हरता आणि टीमला दोष देता. जिंकण्याचं प्रमाण ५० वरून ५५ टक्क्यांवर गेलं का हे बघायचं असेल तर १०० डावही कमी पडतात. १०० डावांत नुसत्या नशिबाने १० टक्के इकडेतिकडे होतं. ४०० खेळलात तरी ५ टक्के होतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. रिपोर्टमधली कारणं बहुतेक वेळा नंतर सुचलेली असतात. माझ्याच रिपोर्टचं सांगते. मी लिहिलं होतं, "पाण्याच्या टीमसमोर कमकुवत पडत होते, म्हणून विचार करून अमूंगस घेतला." खरं काय झालं होतं? सलग चार डाव हरले, वैतागले, रात्री साडेअकराला दोन पोकेमॉन, तीन वस्तू आणि एकाचा स्वभाव असं सगळं एकदम बदललं. जिंकायला लागले. दोन आठवड्यांनी लिहायला बसले तेव्हा डोक्याने आपोआप एक सरळ रस्ता आखून दिला. मी खोटं लिहीत नव्हते, मला ते खरंच तसं आठवत होतं. धोका तिथेच आहे. सरळ रस्ता वाचायला बरा वाटतो, मित्र वाखाणतात, आणि लिहिणाऱ्यालाही तो आपलाच वाटायला लागतो.

मागून लावलेली चिठ्ठी

तुम्ही म्हणाल, खेळच आहे, एवढं काय. मग माझ्या पक्ष्याचीच गोष्ट ऐका. रानपिंगळ्याचे जुने नमुने जगातल्या संग्रहालयांत मोजकेच होते, आणि खरा म्हणावा असा शेवटचा १८८४ चा. पण रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता, त्यावरची चिठ्ठी सांगत होती: १९१४, मांडवी, गुजरात. पक्षी शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबून तिकडे फिरले. हाती काही लागलं नाही. पुढे पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिलं की तो नमुना चोरीचा होता आणि चिठ्ठी बनावट. मांडवी बाजूला ठेवून, खऱ्या नमुन्यांच्या नोंदींवर भर देऊन शोध घेतला, तेव्हा १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पक्षी सापडला. ११३ वर्षांनी. त्यानंतर २०१४ मध्ये तो आमच्या तानसात नोंदला गेला, म्हणून तर मी इथे आहे.

माइनर्ट्झहागनने जाणूनबुजून फसवलं. माझा टीम रिपोर्ट तसा नव्हता. पण त्या नोंदीवर विसंबून जो पुढे जाणार, त्याच्या दृष्टीने फरक काय पडतो? पक्षी खरा होता, चिठ्ठी मागून लावलेली होती. माझी टीम खरी होती, कारण मागून लावलेलं होतं. दोन्हीकडे माणूस चुकीच्या रानात फिरणार.

मग करायचं काय

मी जिथे राहते त्या घरातल्या काकांना मी रेकॉर्डरचा घोळ सांगितला. ते भात करतात. म्हणाले, "बियाणं पण बदललंस, खत पण बदललंस, मग भात वाढला तो कशानं, ते कोणाला इचारशील?" दुसऱ्या दिवशी मी वही घातली. दोन वह्या खरं तर, एक पक्ष्यांची आणि एक पोकेमॉनची. दोन्हीत रकाने तेच:

१. काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट.
२. का बदललं, आणि काय होईल असं वाटतंय. हे बदलण्याआधी लिहायचं, तारीख घालून.
३. किती डाव किंवा किती दिवस थांबणार. हेही आधीच ठरवायचं. जिंकायला लागलो म्हणून मध्येच मोजणी थांबवायची नाही.
४. काय झालं. अंदाज चुकला तर तो खोडायचा नाही, खाली लिहायचं.

एका वेळी एकच बदल ही पद्धत संथ आहे, हे मान्य. पाचिरिसू आणि गॅराडोससारख्या जोड्या एकेक करून तपासता येत नाहीत, दोघं एकत्रच उतरवावे लागतात. तशा वेळी जोडी हाच एक बदल धरा आणि वहीत तसं स्पष्ट लिहा. बाकी काही त्यात मिसळू नका.

टीम रिपोर्ट वाचाच, निर्णय कसा मांडायचा ते त्यातून शिका. पण वाचताना मनात विचारा, याची वही कुठे आहे? हाच प्रश्न छापील पेपर वाचतानाही विचारा, आणि स्वतःचं तिसरं प्रकरण लिहायला बसाल तेव्हा तर नक्कीच.

मॅडमना मी शेवटी सांगितलं की जानेवारीचे आकडे मी निष्कर्षात धरणार नाही, फक्त प्राथमिक निरीक्षण म्हणून देईन, आणि तीन बदल एकदम केले हेही लिहीन. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं. पुढच्या हंगामाचा आराखडा आण." तो आता वहीत आहे. निम्मे रेकॉर्डर जागेवरून हलणार नाहीत, उंची तीच, वेळही तीच. उरलेल्यांची फक्त उंची बदलणार. डिसेंबरात परत आवाज कमी आले तर मी घाबरणार आहेच. पण रेकॉर्डरला हात लावणार नाही.