भिंतीवरील सूर्यमाला : प्रमाण आणि पोकळी

प्रस्तावना :
शाळा, उद्याने व विज्ञान केंद्रे यांच्या भिंतींवर सूर्यमाला रंगविण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे. एका टोकाला सूर्याचा तांबूस गोल आणि पुढे जवळपास समान अंतरावर मांडलेले रंगीत ग्रह, हा तिचा ठरलेला साचा होय. प्रस्तुत लेखात या साच्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
२००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लूटोचा समावेश बटुग्रहांत केला. जुन्या भित्तिचित्रांतील नववा ग्रह पुसून टाकणे ही त्यामानाने सोपी दुरुस्ती आहे. मूळ दोष अंतराच्या प्रमाणात आहे. भिवंडीतील कामतघरसारख्या वस्तीत ३० मीटर लांबीची भिंत मिळाली, असे समजावे. सूर्य व पृथ्वी यांतील सुमारे १५ कोटी किलोमीटर अंतर १ मीटर मानल्यास बुध, शुक्र, पृथ्वी व मंगळ हे चारही ग्रह सुरुवातीच्या दीड मीटरमध्येच दाटतात. गुरू ५.२, शनी ९.५ व युरेनस १९.२ मीटरवर येतो. नेपच्यून भिंतीच्या अखेरीस. सूर्याचा व्यास मात्र जेमतेम ९ मिलिमीटर भरतो आणि पृथ्वी यंत्रमागावरील सुताहूनही बारीक ठरते. म्हणजेच प्रमाणबद्ध सूर्यमाला ही जवळजवळ कोरी भिंत होय. रूढ चित्र नेमकी ही पोकळीच वगळते.

आकृतींना एका रांगेत बसविण्याची रीत जुनीच आहे. कोणार्कच्या नवग्रहपट्टातही ती दिसते. तथापि तेथे सूर्य, चंद्र, राहू व केतू हेही ग्रहच आहेत. तो पट्ट उपासनेसाठी आहे, मोजमापाचा दावा तो करीत नाही. आधुनिक भित्तिचित्र रांग तीच ठेवते आणि दावा मात्र विज्ञानाचा करते.

पोकळीला कलारूप देता येत नाही, असे मात्र नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या आयुका या संस्थेच्या वास्तूत चार्ल्स कोरिया यांनी ग्रहांची चित्रे रंगविली नाहीत. काळा बेसाल्ट, त्यावर अधिक काळा कडाप्पा आणि माथ्यावर आकाश प्रतिबिंबित करणारा चकचकीत ग्रॅनाइट, अशा थरांच्या भिंतींतून त्यांनी अवकाशाच्या अथांग काळोखाचे सूचन केले. तेथे रिक्तता हाच आशय झाला आहे.

निष्कर्ष :
भित्तिचित्राने साच्यात बदल करणे अगत्याचे आहे. ग्रहांचे आकार एका पट्टीत व अंतरे दुसऱ्या पट्टीत दाखवावीत, दोहोंचे प्रमाण भिंतीवरच लिहावे आणि रिकामी जागा रिकामीच ठेवावी. त्या कोऱ्या भिंतीच्या कडेने तीस पावले चालणाऱ्या विद्यार्थ्याला पृथ्वीच्या एकाकीपणाची जी जाणीव होईल, ती रंगीत गोलांच्या रांगेतून होणे संभवत नाही.