रात्रीचे गाणे आणि भोपाळची रात्र

'रेगेटॉन' हे संगीत पनामात रुजले व पोर्तो रिकोत वाढले. २०१७ सालच्या 'देस्पासितो'मुळे त्याचा ठेका आपल्याकडील तरुणांसही परिचित झाला आहे. रात्र, नृत्यगृह, मद्य व देहाचे आकर्षण हे या गीतांचे ठरलेले विषय होत. त्यांविषयी पाळकांनी व धर्मशिक्षकांनी काय म्हणावे?

निषेध करणे सोपे आहे. परंतु हे संगीत सान हुआनच्या गरीब वस्त्यांतून पुढे आले. १९९५ साली तेथील पोलिसांनी दुकानांतून त्याच्या कॅसेटी जप्त केल्या. तरीही २००४ साली डॅडी यांकी यांचे 'गासोलिना' जगभर गेले. ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या हुकमात जातो, त्यांना रात्र तरी आपली वाटते. या आनंदाची ही बाजू आम्ही नाकारीत नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात वाद्ये व नृत्य पित्याच्याच घरी आहेत, आणि बाहेर रुसून उभा आहे तो वडील भाऊ, हे आपण विसरू नये.

आमचा आक्षेप निराळा आहे. या गीतांतील रात्रीला शेजारी नाही. नाचणाऱ्यांपलीकडचा आजारी, निजलेला वा कामावर गेलेला मनुष्य तीत सहसा दिसत नाही. स्त्री दिसते, पण बहुधा पाहण्याची वस्तू म्हणून. भोपाळमध्ये रात्रीचा असा विचार करता येणार नाही. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि भोवतालच्या वस्त्यांतील हजारो माणसांचा त्याने बळी घेतला. निजलेल्यांची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न त्या रात्रीने जगापुढे कायमचा ठेवला आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये, हा २००० सालचा नियमही शेजाऱ्याच्या झोपेचाच विचार करतो. आणि तो आपल्या उपासनांनाही लागू आहे.

३ डिसेंबर २०२३ रोजी सान हुआन येथील निरोपाच्या कार्यक्रमात डॅडी यांकी यांनी यापुढे ख्रिस्तासाठी जगण्याचा निर्धार जाहीर केला. या वार्तेचा आनंद मानावा. परंतु तिची विजयपताका करून मिरवू नये. गायक पालटला एवढ्याने ऐकणाऱ्या तरुणाची भूक भागत नाही. पौल व सीला यांनी फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री स्तोत्रे गाइली. दारे उघडली तेव्हा पौलाने प्रथम चिंता वाहिली ती पहारेकऱ्याच्या जिवाची. रात्रीच्या गाण्याची कसोटी आम्हांस येथे सापडते. गीत कोणत्याही भाषेतील असो, आपल्या तरुणांस एवढे विचारावयास शिकवू या, की या रात्रीत माझा शेजारी कोठे आहे?