भिंत पुसल्यावर काय उरते?

दिवाळीत दारापुढे काढलेली रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडून टाकताना गृहिणीचा हात थबकत नाही. ती पुन्हा काढता येईल, हा भरवसा असतो. परंतु एकदाच घडणाऱ्या कलाकृतीचे काय करावयाचे? चित्रकलेने चौकट सोडून मांडणशिल्पाची आणि प्रयोगाची वाट धरली, तेव्हापासून हा प्रश्न संग्रहालयांना सतावीत आहे. ‘सारे काही जपून ठेवा’ हे त्याचे सरधोपट उत्तर मला पटत नाही.

मुंबईतीलच दोन उदाहरणे घेऊ. १९९२ साली नलिनी मलानी यांनी केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवरच चित्रे काढली. ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे त्या कामाचे नाव. पंधरा दिवसांनी ती चित्रे पुसून टाकण्यात आली. नाथद्वाराची जुनी भित्तिचित्रे हेळसांडीने नष्ट होत होती, त्याची वेदना या कामामागे होती. तेव्हा पुसणे हा येथे अपघात नव्हता. तो त्या कृतीचाच अखेरचा भाग होता. ती भिंत कोणी काचेआड जपली असती, तर चित्र राहिले असते आणि त्याचा अर्थ गेला असता.

दुसरे उदाहरण रुम्माना हुसेन यांचे. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली, पाठोपाठ मुंबईत दंगली झाल्या, आणि या चित्रकर्तीने कॅनव्हासची वाट सोडली. १९९५ साली एन. सी. पी. ए.मध्ये त्यांनी ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ हा प्रयोग केला. पायांत घुंगरू, हातांत मधोमध चिरलेली पपई, तोंड किंकाळीसाठी उघडलेले. पण किंकाळी नाही. पपईचा तो उघडा गर पाहून जखम आठवते आणि गर्भाशयही. १९९९ साली रुम्माना निवर्तल्या. छायाचित्रांत ते उघडे तोंड आहे, घुंगरांचा नाद नाही. आणि मला वाटते, मुके तोंड व बोलणारे पाय यांच्या विरोधातच त्या प्रयोगाचा प्राण होता.

चित्रफीत घेतली की भागले, असे कोणी म्हणेल. नाद त्यात येईल, हे खरे. पण चार हातांवरून जिवंत बाई अशी चालत गेली असता बघणाऱ्याची जी चलबिचल होते, ती कॅमेऱ्याला कशी टिपता यावी?

भातखंड्यांनी चिजा स्वरलिपीत उतरविल्या म्हणून कित्येक बंदिशी वाचल्या; तरी राग उभा राहावयास गळाच लागतो. कलेच्या दप्तराचेही तसेच आहे. छायाचित्रे, फिती, वस्तू ठेवाव्यातच. त्यांबरोबर कलावंत हयात असतानाच त्याला विचारून लिहून घ्यावे : यातले काय राहावे, काय जावे, दुसऱ्या कोणी हा प्रयोग केला तर चालेल काय? पाहणाऱ्यांच्या आठवणीही टिपाव्यात, आणि त्या परस्परांशी जुळल्या नाहीत तर तशाच ठेवाव्यात.

एक कृती कलावंताच्या इच्छेने पुसली जाते, दुसरी आपल्या आळसाने. वरवर पाहता दोन्हीकडे मागे कोरी भिंतच राहते. तो कोरेपणा कोणी ठरविला, हे ज्या दप्तरात नोंदलेले नाही, ते कितीही भरलेले असले तरी मी त्याला अपुरेच म्हणेन.