घट्टपणा येतो कुठून? गिटारच्या ॲम्पमधल्या फेरफारांची एक समीक्षा



जोरकस गिटार वाजवणाऱ्या तरुणांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो: टाइट. आपण त्याला घट्ट म्हणू. ‘माझा ट्यूब ॲम्प घट्ट वाजत नाही, खर्ज लिबलिबीत होतो, काय बदलू?’ असा प्रश्न असतो. उत्तरंही तयार असतात. हा कपॅसिटर काढा, तो रेझिस्टर बदला, झालं काम. आज आपल्याला या उत्तरांची समीक्षा करायची आहे. समीक्षा म्हणजे निंदा नव्हे. यातली बरीचशी उत्तरं बरोबरच आहेत. पण प्रश्न नीट न समजता उत्तर लागू केलं, की एक चांगलं वाद्य कायमचं बदलून बसतं आणि वाजवणारा होता तिथेच राहतो.

प्रथम घट्ट म्हणजे काय ते पाहू. सर्वसाधारण समज असा की खर्ज कमी म्हणजे घट्ट. हे अर्धसत्य आहे. ज्या ध्वनिमुद्रणांना सगळे घट्टपणाचा नमुना मानतात, त्यांत खर्ज भरपूर ऐकू येतो. मग फरक कशात आहे?

हाय-गेन ॲम्पमध्ये ट्यूबचे अनेक टप्पे एकापुढे एक असतात. प्रत्येक टप्पा स्वर मोठा करतो आणि पुढच्याला झेपेनासा झाला की त्याची शिखरं छाटली जातात. यालाच आपण डिस्टॉर्शन म्हणतो. आता लक्षात घ्या, ही छाटणी आलेला स्वर नुसता बिघडवत नाही, ती नवे स्वर जन्माला घालते. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला वाजते. तिच्याबरोबर तिचा पंचम छेडला, तो सुमारे १२३ हर्ट्झचा. छाटणीतून या दोघांच्या वजाबाकीचा ४१ हर्ट्झचा स्वर निघतो, जो कुणी वाजवलेलाच नाही! बेरजेचा, दुपटीचा, तिपटीचाही निघतो. म्हणजे छाटणीआधी जितका खर्ज आत ढकलाल, तितका सगळा स्वर गढूळ होणार.

दुसरी गोष्ट काळाची. मोठा झटका आला की ट्यूबची ग्रिड विद्युतप्रवाह ओढते, दोन टप्प्यांना जोडणारा कपॅसिटर भारून जातो आणि पुढची ट्यूब क्षणभर गुदमरते. ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि दहा लाख ओहमचा रेझिस्टर अशी जोडी घेतली, तर तिचं कालमान २२ मिलिसेकंद येतं, आणि नीट सावरायला त्याच्या तीन-चार पट वेळ लागतो. संथ गाण्यात हे जाणवणारही नाही. पण मेटॅलिकाच्या १९८६ सालच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’चं शीर्षकगीत घ्या. मिनिटाला दोनशेहून अधिक ठोके, आणि एका ठोक्यात दोन आघात. दोन आघातांमधलं अंतर दीडशे मिलिसेकंदांहून कमी. तिथे ट्यूब सत्तर-ऐंशी मिलिसेकंद सावरत बसली, तर वादकाचा हात कितीही तयारीचा असो, ऐकणाऱ्याला चिखलच ऐकू येणार.

म्हणून आमचं म्हणणं असं: घट्टपणा खर्जाच्या प्रमाणात नाही, क्रमात आहे. खर्ज छाटणीच्या आधी कमी करायचा, आणि हवा असेल तर नंतर परत द्यायचा. नुसता नंतर कमी करणं म्हणजे वरातीमागून घोडं. गढूळपणा तोवर होऊन गेलेला असतो.

आपल्याकडे मीमांसकांनी क्रमाचा फार बारकाईने विचार केला. जैमिनीच्या सूत्रांचा पाचवा अध्याय त्यालाच वाहिलेला आहे. त्यांचं प्रसिद्ध उदाहरण आहे: अग्निहोत्राचं विधान आधी येतं आणि यवागू, म्हणजे पेज, शिजवण्याचं नंतर. मग पेज नंतर शिजवायची का? नाही, होमात ती पेजच लागणार आहे, तेव्हा शिजवणं आधी. क्रम प्रयोजन ठरवतं, लिहिलेली जागा नव्हे. ॲम्पच्या दर्शनी पट्टीवरची ‘बास’ लिहिलेली खुंटी अशीच फसवते. ती पट्टीवर कुठे आहे याला महत्त्व नाही. मंडलात ती छाटणीच्या आधी आहे की नंतर, हे पाहायचं.

याचं उत्तम उदाहरण एकाच घरचं आहे. कॅलिफोर्नियाच्या मेसा बूगी कंपनीचे दोन ॲम्प घ्या. ‘मार्क टू-सी प्लस’मध्ये स्वरांच्या खुंट्या मुख्य छाटणीच्या आधी येतात आणि पाच पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर नंतर. जाणकार बासची खुंटी अगदी खाली ठेवतात आणि खर्ज त्या इक्वलायझरवरून परत घेतात. ‘मास्टर ऑफ पपेट्स’च्या गिटारमागे हाच ॲम्प आहे. नव्वदीच्या दशकातल्या ‘ड्युअल रेक्टिफायर’मध्ये मात्र खुंट्या छाटणीनंतर येतात. त्याचा खर्ज अवाढव्य, आणि सैलही. म्हणून त्याच्यापुढे लोक आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर पेडल लावतात: ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर, लेव्हल वर. हे पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली स्वराला कमी कमी वाढवत जातं. म्हणजे क्रम बाहेरून दुरुस्त केला, एवढंच!

आता ॲम्पच्या आतले फेरफार पाहू. मुख्य तीन आहेत. एक, जोड-कपॅसिटर लहान करणे: ०.०२२ च्या जागी ०.००२२ घातला, की त्याच दहा लाख ओहमपाशी खर्ज गळण्याची सीमा सात हर्ट्झवरून सत्तरच्या पुढे जाते आणि सावरण्याचा काळ दहापट कमी होतो. दोन, कॅथोडवरचा कपॅसिटर लहान करणे, म्हणजे खर्जाला त्या टप्प्यात साधारण निम्मीच वाढ मिळते. तीन, ग्रिडच्या वाटेवर मोठा रेझिस्टर घालून तो गुदमरवणारा प्रवाह रोखणे. हे प्रत्येक टप्प्याला करायचं नसतं. बहुधा पहिल्या एक-दोन टप्प्यांत काम होतं. पुढे करत गेलात तर स्वर पत्र्यासारखा होतो.

इथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला शुद्धतावाद्यांचा: मूळ मंडलाला हात लावू नये. आम्ही विचारतो, मूळ कोणतं? १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात तयार झालेला पहिला ॲम्प फेंडरच्या ‘बासमन’वरून घेतलेला होता. नावाप्रमाणे तो बास गिटारसाठी केलेला, म्हणून पहिल्या टप्प्याच्या कॅथोडला २५० मायक्रोफॅरडचा भलामोठा कपॅसिटर. पुढे मार्शलनेच लीड मॉडेलच्या उजळ चॅनेलमध्ये त्या जागी ०.६८ चा घातला. म्हणजे ज्याला आज मूळ म्हणून पुजतात तोच मुळात एक फेरफार आहे, आणि तोही घट्ट करणारा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आम्हाला मान्य आहे. घट्टपणा हा सर्व संगीताचा गुण नाही. ब्लॅक सॅबथचा १९७० चा पहिला अल्बम ऐका. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमींची दोन बोटं पत्र्याच्या कारखान्यात टोकाला तुटलेली. शीर्षकगीताची लय अतिसंथ, स्वर फुगतो, लोंबतो, विरतो. तो लोंबणारा काळच त्या गाण्याची भीती आहे. तो स्वर आजच्या मापाने आवळला, तर बिनचूक होईल आणि मरेल. गंमत अशी की आयोमीही ॲम्पपुढे रेंजमास्टर नावाचं ट्रेबल बूस्टर लावत, जे मुळात खर्ज आत जाऊच देत नाही. म्हणजे त्यांनीही क्रम पाळला, पण आपल्या लयीला हवा तेवढाच.

उलट टोकही पाहा. मेटॅलिकाचाच १९८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’. गिटार करवतीसारख्या नेमक्या, आणि बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. घट्ट गिटार जी जागा मोकळी करते ती बासने भरायची असते. ती भरली नाही, तर उरतो तो कोरडेपणा. घट्टपणा हा एका वाद्याचा गुण नसून वाद्यांमधल्या वाटणीचा आहे, हे त्या अल्बमवरून शिकावं.

तेव्हा ॲम्प उघडण्याआधी काय करायचं? आधी वीस-पंचवीस सेकंदांचा आपला तुकडा पूर्ण बँडबरोबर ध्वनिमुद्रित करा. मग ॲम्पपुढे खर्ज कापणारं पेडल किंवा इक्वलायझर लावून तोच तुकडा वाजवा. यानेच काम भागलं तर सोल्डरिंगची गरज नाही. नाही भागलं, तरच आत जा: एका वेळी एकच बदल, काढलेला भाग पाकिटात जपून, पाकिटावर जागा लिहून. आणि हे नीट ऐका: ॲम्प बंद करून तारा काढल्या तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चारशे-पाचशे व्होल्ट शिल्लक राहू शकतात. ते रिकामे केल्याशिवाय आणि मीटरने तपासल्याशिवाय हात घालू नये. ज्याला हे येत नाही त्याने जाणत्या कारागिराकडे जावं. त्यात कमीपणा काही नाही.

शेवटी, कारागिराला ‘घट्ट करून द्या’ एवढंच सांगू नका. कोणती लय, कोणतं ट्यूनिंग, सोबत बास कसा, हे सांगा. खरं म्हणजे तेवढं नेमकं सांगता येऊ लागलं, की निम्म्या लोकांना कळतं, आपल्याला ॲम्प बदलायचाच नव्हता. उरलेल्या निम्म्यांनी तो खुशाल बदलावा.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.