०.७ टक्के : एका आकड्याचं काय करायचं?

नॅनोकण वापरून कर्करोगाच्या गाठीचं इमेजिंग, या विषयावर प्रपोजल लिहायला बसलात की पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास येतं : गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून नॅनोकण तिथे आपोआप साठतात. हाच तो ईपीआर परिणाम. १९८६ साली मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी तो मांडला आणि पुढे तो जवळजवळ गृहीतच धरला गेला.

या गृहीताला मोठा धक्का दिला २०१६ च्या एका पेपरने. टोरांटोमधल्या वॉरन चॅन यांच्या गटाने मागच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. टोचलेल्या डोसपैकी गाठीत पोहोचतात किती कण? मध्यक फक्त ०.७ टक्के! हा पेपर वाचाच. आपल्याच क्षेत्राचा जमाखर्च इतक्या स्पष्टपणे मांडायला धाडस लागतं.

पण हा आकडा आता मंत्रासारखा म्हटला जातो, तिथे माझी तक्रार आहे.

पहिली गोष्ट, टक्का कशाचा? २० ग्रॅमच्या उंदराला ०.२ ग्रॅमची गाठ असेल, तर ती त्याच्या वजनाच्या १ टक्का झाली. डोस शरीरभर सारखा पसरला असता तरी तिथे १ टक्का गेला असता. म्हणजे ०.७ हे त्याहूनही कमी. पण गाठ ०.०५ ग्रॅमची असेल, तर तेच ०.७ जवळपास तिप्पट साठा दाखवतं. आकडा एकच, अर्थ अगदी उलटे. म्हणून गाठीचं वजन दिलेलं नसेल, तर नुसत्या टक्क्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट, इमेजिंगला गाठीत माल किती गेला यापेक्षा गाठ आणि आजूबाजूचा भाग यांतला फरक महत्त्वाचा. १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं फेरिडेक्स बघा. यकृतातल्या कुप्फर पेशी त्यातले आयर्न ऑक्साइडचे कण गिळतात आणि निरोगी यकृत एमआरआयवर काळं पडतं. दुसरीकडून पसरून आलेल्या गाठीत या पेशी नसतात, म्हणून ती उजळ उठून दिसते. गाठीत कण फारसे गेलेच नाहीत, तरी चित्र स्पष्ट!

मग टक्का विसरायचा का? मुळीच नाही. गाठीत न गेलेले कण कुठेतरी जातातच, बहुतेक यकृतात आणि प्लीहेत. कर्करोगाचं औषध रुग्णाला देतात; पण निदानासाठीचं इंजेक्शन ज्याला कदाचित कर्करोग नाहीच, अशा माणसालाही द्यावं लागतं. त्याच्या शरीरात उरलेल्या कणांचा हिशेब कोण देणार? माझ्या मते त्या पेपरचं खरं मोल हा प्रश्न विचारायला भाग पाडण्यात आहे.

तेव्हा पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा चकचकीत उंदराच्या फोटोवर थांबू नका. गाठ किती ग्रॅमची होती, तुलना कुठल्या ऊतीशी केली, उरलेले कण कधी बाहेर पडले, एवढं शोधा. उत्तरं सापडली नाहीत, तर कदाचित तुमच्या पीएचडीचा प्रश्न तिथेच आहे.